लाल झग्याआड झाकलेली मिस मिलनर

महोदय,

अमेरिकन नट-दिग्दर्शक जीन वाइल्डरचा ‘द वुमन इन रेड’ (१९८४) हा विनोदी सिनेमा पुन्हा पाहिला. घरात लगेच दोन तट पडले. कुणाला घटकाभर करमणूक वाटली, तर कुणाला नायकाने बायकोला फसवण्यावर हसवेना. मला मात्र खटकली ती ऑफिसातल्या मिस मिलनरची थट्टा. नायकाने लाल झग्यातल्या सुंदरीला केलेला फोन चुकून तिला लागतो, ती बिचारी आशेवर राहते आणि आपण खिदळतो! गिल्डा रॅडनरने ती झकास रंगवली आहे. (गंमत म्हणजे, त्याच वर्षी वाइल्डरने लग्न केलं ते हिच्याशीच.) बाकी १९७६च्या मूळ फ्रेंच सिनेमाची ही उसनवारी तशी पातळच. ऑस्कर मिळालं, तेही स्टीव्ही वंडरच्या गाण्याला.

– एक वाचक, ठाणे