खर्रा सोडायला ‘पेन’ नको, गम द्या

मा. संपादक,

खर्रा सुटत नसेल तर ई-सिगारेट ओढ, हा सल्ला आता आमच्या तालुक्याच्या गावांतल्या तरुण पोरांपर्यंत पोचला आहे. ‘पेन’ किंवा ‘व्हेप’ म्हणून ती ओळखली जाते. हा सल्ला चुकीचा आहे. सिगारेटमध्ये नुसती तंबाखू जळते. खर्ऱ्यात ती सुपारी आणि चुन्यासोबत घोटलेली असते. तोंड आखडते ते मुख्यतः सुपारीमुळे. पेनमधून निकोटीन, म्हणजे तंबाखूतले सवय लावणारे द्रव्य, मिळाले तरी सुपारीची तलफ तशीच राहते. मग गालात खर्रा, खिशात पेन आणि निकोटीन दोन्हीकडून.

सिगारेट सोडायला व्हेपचा उपयोग होतो, याचे पुरावे परदेशात आहेत. पण ते सिगारेटचे आहेत, आणि तिथे मापही ठरलेले आहे. युरोपीय संघात पेनमध्ये तापवायच्या द्रवात मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटीन चालते. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे जो माल येतो तो चोरून येतो आणि त्यात काय भरले आहे हे कोणी तपासत नाही. ‘५ टक्के’ लिहिलेल्या २ मिलिलिटरच्या पेनमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम निकोटीन असते. त्यात निकोटीनचा क्षार वापरला असेल तर घशाला ठसका लागत नाही, त्यामुळे किती ओढले याचा अंदाज राहत नाही. द्रव संपत आला की आतला कापूस तापलेल्या तारेवर करपतो आणि धुरात फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये येतात.

घरात लहान मूल असेल तर हा द्रव आणखी धोक्याचा. तो पोटात गेला किंवा अंगावर सांडला तर उलटी, लाळ, घाम, थरथर आणि पुढे झटके येऊ शकतात. फवारणीच्या विषबाधेतही यातली बरीच लक्षणे दिसतात, म्हणून हंगामात डॉक्टरांचा गोंधळ होऊ शकतो. ओकारी काढू नका. अंगावरचा द्रव भरपूर पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा आणि ते पेन किंवा बाटली पिशवीत घालून सोबत न्या.

खर्रा सोडायला निकोटीनचा गम, म्हणजे च्युइंगमसारखे चघळायचे औषध, हाच सोपा मार्ग. २ मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला खर्रा लागतो, त्याने ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारावे. गम फसतो तो चघळण्याच्या पद्धतीमुळे. खर्ऱ्यासारखा सतत चावला तर निकोटीन पोटात जाते, उचकी लागते, मळमळते, आणि माणूस म्हणतो, गम सोसत नाही. थोडा चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावा. असा अर्धा तास. थुंकू नका, औषध थुंकीतून जाते. आधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत चहा किंवा लिंबूपाणी नको. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. सुपारी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण बंद. तोंडाला चाळा हवा तर बडीशेप किंवा लवंग ठेवा.

आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर तोंड आखडले आहे; गम चघळत बसू नका, आधी दंतवैद्यांकडे जा. अशांना अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी देता येते. गरोदर बाया, हृदयरोगी आणि अठरा वर्षांखालच्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांक छापलेला असतो. खर्रा पन्नीत बांधून मिळतो, त्यावर काहीच छापलेले नसते. ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच तो दिसत नाही. ग्रामपंचायतींनी तो बसथांब्यावर आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. निकोटीनचे उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तरी गमसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे मजुराची रोजी बुडते. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळावा आणि चघळायची पद्धत आशाताईंना शिकवावी, ही जिल्हा परिषदेकडे आमची मागणी आहे.

— तंबाखूमुक्तीचे काम करणारे काही वाचक, जि. यवतमाळ