जामीन मंजूर, सुटका नाही: गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी फौजदारी वकील आहे, आरोपींची बाजू मांडतो. 'गुन्हेगारांना सोडवणारे' म्हणून आमची ओळख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आज मात्र मी अशा लोकांबद्दल लिहितोय, ज्यांना सोडायचं की नाही हा वाद संपलेला आहे. सरकारी वकिलांनी विरोध करून झाला, पोलिसांचं म्हणणं आलं, न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि जामीन मंजूर केला. तरीही माणूस आपल्या कारागृहातच आहे, कारण त्याला जामीनदार मिळत नाही.

जामिनाच्या आदेशात एक ठरलेलं वाक्य असतं: अमुक रकमेचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. हे 'सक्षम' सिद्ध करताना गरिबाच्या नातेवाइकांची काय दमछाक होते, ते कोर्टाच्या व्हरांड्यात रोज दिसतं. माझ्या एका अशिलाचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातून आला होता. चोरीचा गुन्हा, दोषारोपपत्र दाखल झालेलं. भावाच्या पिशवीत आधार कार्ड, रेशनकार्ड, लाइट बिल आणि सातबारा. सातबाऱ्यावर त्याच्यासह चुलत्यांचीही नावं, म्हणून ऐपतीचा दाखला आणायला सांगितलं. त्यासाठी पुन्हा तहसील, पुन्हा बुडालेली मजुरी. दाखला आणला, तर पडताळणीचं पत्र त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याला गेलं आणि तिथेच राहिलं. विचारायला गेलं की उत्तर एकच: साहेब बंदोबस्तावर आहेत. शेवटी आम्ही अर्ज करून रोख रकमेवर सुटका मागितली. ती मिळालीही, पण पैसे जमवायला आणखी वेळ गेला. एवढे दिवस तो आत होता ते कुठल्या कलमाखाली, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

यात नवीन काही नाही, हेच दुखणं आहे. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याच्या जामिनासाठी दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकाराचा कडक शब्दांत समाचार घेतला आणि 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितलं. त्या निकालानंतर आणीबाणीत जन्मलेली पिढी आजी-आजोबा व्हायला आली, आणि माझ्या अशिलाच्या भावालाही दुसऱ्या जिल्ह्याचीच अडचण आली.

31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर पुन्हा निर्देश दिले, तेही अगदी बारकाव्यानिशी. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पोचवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बंधपत्र (जामिनाची लेखी हमी) भरलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. सुटका लांबण्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह आहे, हेही तिथे नोंदवलेलं आहे. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या बंद्यासाठी, पैशांची मदत होऊ शकते (2023 च्या नियमांत ती 40,000 रुपयांपर्यंत होती), आणि ती मंजूर करणाऱ्या जिल्हा समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि कारागृह अधीक्षकही बसतात. म्हणजे कायदा आहे, निर्देश आहेत, पैसाही आहे. हे सगळं सुरू होतं ते कारागृहातून निघणाऱ्या एका पत्राने. ते पत्र वेळेवर निघतं का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. कारागृह विभाग आपला आहे.

फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 चंही तसंच. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळलेत). इथे बंधपत्र म्हणजे जातमुचलका, जामीनदार नको. अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने अधीक्षकांवरच टाकली आहे. त्यासाठी वकील शोधत बसायचं कारण नाही.

आपले अधिकारी आपल्याला सांगतील की पडताळणी सैल केली तर बोगस जामीनदारांचा सुळसुळाट होईल. खोटं कशाला बोलू, तो आहेच. कोर्टाच्या आवारात भाडोत्री जामीनदार मिळतात, बनावट रेशनकार्डं आणि पगाराच्या चिठ्ठ्यांसकट. पण त्यांचं गिऱ्हाईक कोण, ते बघा. ज्याचा सख्खा भाऊ खरे कागद घेऊन आला आणि परत पाठवला गेला, तोच नाइलाजाने त्या दलालाकडे जातो. खऱ्या जामीनदाराची पडताळणी दोन दिवसांत झाली, तर या धंद्याचं निम्मं कंबरडं तिथेच मोडेल. ज्याच्याकडे पैसे असतात त्याला या कशाचाच उपसर्ग होत नाही. 2021 मध्ये एका बहुचर्चित प्रकरणात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाच्या जामीन पेटीत (सुटकेचे आदेश टाकायची पेटी) कागद वेळेत पडले नाहीत, म्हणून आरोपीला एक रात्र जास्त काढावी लागली. देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती, एक रात्रही बेकायदाच. माझ्या अशिलाच्या वेळी मात्र एकही कॅमेरा आला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशातल्या कारागृहांत 5,73,220 बंदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन दोषी ठरलेलेच नव्हते. ज्यांच्या हातात जामिनाचा आदेश आहे, त्यांना आत ठेवून ही गर्दी वाढवण्यात सरकारचं काय भलं होतं, ते मला कळत नाही. त्यांच्या जेवणाचा खर्चही आपल्याच खात्यावर पडतो.

पीडितांचं काय, असा प्रश्न सभागृहात येईल. पीडिताला न्याय खटला चालून निकाल लागल्यावर मिळतो. जामीन मंजूर झालेला माणूस जामीनदाराअभावी आत राहिला म्हणून खटल्याची तारीख एक दिवसानेही अलीकडे येत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. राज्यातल्या प्रत्येक कारागृहाने जामीन होऊन सात दिवस उलटलेल्या बंद्यांची यादी दर सोमवारी विधी सेवा प्राधिकरणाला पाठवावी, आणि त्यातला आकडा, नावं वगळून, विभागाच्या संकेतस्थळावर टाकावा. जामीनदाराच्या पडताळणीला पोलीस ठाण्यांसाठी 48 तासांची मुदत घालणारं परिपत्रक काढावं. मुदतीत उत्तर गेलं नाही तर उशिराचं कारण ठाणेदाराने न्यायालयाला लेखी कळवावं. गरीब कैद्यांच्या योजनेखाली प्रत्येक जिल्हा समितीच्या आजवर किती बैठका झाल्या आणि किती जण सुटले, ते येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. परिपत्रकाचा मसुदा हवा असेल तर आमच्यातले बरेच वकील तो विनामोबदला करून देतील.

आपला,
आरोपींची बाजू मांडणारा एक वकील