सिंह, घोडा आणि सुसिनीची कानस

लंडन

प्रिय संभा,

सप्रेम नमस्कार. नवी भट्टी पेटली हे वहिनींकडून कळलं, फोटोही बघितले. आता मोठ्या पुतळ्यांची कामं बिनघोर घे.

हे लांबलचक लिहायचं कारण म्हणजे परवा इथल्या एका लिलाव कंपनीत जाऊन एक ब्राँझ बघून आलो. लिलावाआधी काही दिवस सगळा माल लोकांना बघायला मांडतात. तिकीट नाही, काही नाही. माझ्यासारख्या कफल्लकानं मागितलं तरी वस्तू कपाटातून काढून समोर ठेवतात. गड्या, तू हवा होतास.

घोड्यावर झडप घातलेला सिंह. जेमतेम वीतभर उंच. फ्लोरेन्सचा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. घोडा कोसळलाय, मान मागं पिळवटलीय, तोंड उघडं; सिंह पाठीवर चढून लचका तोडतोय. पंजा रुतलाय तिथली कातडी नखांपुढं गोळा होऊन तिच्या वळ्या पडल्यात. पोटाखाली, जिथं कुणाची नजर जाणार नाही, तिथंही शीर न् शीर काढलेली. वरून तांबूस-सोनेरी रोगण, पातळ, आतला धातू दिसेल असं. बरगड्यांवर आणि आयाळीच्या टोकांवर ते हात फिरून फिरून गेलंय.

मूळ कल्पना रोमची. तिथं कॅपिटोल टेकडीवर सिंह-घोड्याचं एक प्राचीन संगमरवरी शिल्प आहे. घोड्याचं डोकं, पाय सगळं तुटलेलं. १५९४ मध्ये ते नव्यानं बसवलं. त्या विषयावर जांबोलोन्या या शिल्पकारानं आपला छोटा नमुना केला आणि जोडीला बैलावर झडपणारा सिंह स्वतःच्या डोक्यातून काढला. हा जांबोलोन्या मूळचा फ्लँडर्समधल्या दुए गावचा, सगळी हयात फ्लोरेन्सला तिथल्या मेदिची या राजघराण्याच्या पदरी काढली. मेदिची मंडळी त्याच्या कारखान्यातली छोटी ब्राँझं राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून धाडायची. १६१२ मध्ये असाच एक पेटारा इंग्लंडचा युवराज हेन्री याच्याकडं आला, लग्नाची बोलणी चालली होती म्हणून. त्यात एक चालता घोडा होता. धाकट्या भावाला हा चांगला शोभेल, असं कुणी सुचवल्यावर युवराज म्हणाला, छे, सगळं मलाच पाहिजे. त्याच वर्षी तो अठराव्या वर्षी वारला आणि घोडा शेवटी त्या धाकट्याकडंच गेला. तोच पुढं राजा पहिला चार्ल्स. घोडा आजही इथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

पण मला सांगायचंय ते ओतकामाचं. नमुना जांबोलोन्याचा, हात बहुतेक वेळा त्याच्या कारखान्यातल्या आंतोनियो सुसिनीचा. मूळ नमुना न मोडता त्याच्यावरून तुकड्यातुकड्यांचा साचा, आत मेणाचा थर, पोटात माती, माती हलू नये म्हणून लोखंडी खिळे, मग मेण वितळवून त्याच्या जागी धातू. पुढचं तुला काय सांगायचं! एकाच नमुन्याच्या कितीतरी प्रती निघाल्या. सुसिनी साधारण १६०० च्या सुमाराला वेगळा होऊन स्वतःच्या कारखान्यात हेच नमुने ओतू लागला, त्याच्यामागं पुतण्या जानफ्रांचेस्कोनं तेच चालवलं. त्यामुळं 'अस्सल कुठली' याला सरळ उत्तरच नाही. फरक आहे तो भट्टीतून निघाल्यावर कानस, छिन्नी कुणी चालवली याचा.

मी बघितलेल्या तुकड्याखाली कॅटलॉगात लिहिलंय 'जांबोलोन्याच्या नमुन्यावरून'. म्हणजे कंपनी हात वर करून मोकळी. तेच नुसतं 'आंतोनियो सुसिनी' असतं तर किमतीचा आकडाच वेगळा. वर हातोडा पडलेल्या किमतीवर पाव हिश्श्याहून जास्त कंपनीचं कमिशन. १९३३ ते ४५ या काळात वस्तू कुणाकडं होती तेही बघतात, कारण नाझींनी लुटलेला माल अजून बाजारात निघतो.

तिथल्या बाईंनी तुकडा उलटा करून आत बॅटरी मारली. आत मेणाच्या जोडाची रेघ तशीच्या तशी धातूत उतरलेली! त्या म्हणाल्या, आम्ही मापंही घेतो. ब्राँझवरूनच साचा काढून ओतलेली नक्कल आकसते, मूळ प्रतीपेक्षा नखभर लहान भरते, आणि बारीक काम बोथट होतं. हे मी तुझ्या शेडमध्ये तुझ्या तोंडून ऐकलेलं, त्यामुळं मान डोलवताना मला भलताच भाव चढला.

आपल्या दायमाबादचा धातूचा प्राचीन हत्ती, गेंडा, रेडा आठवला. १९७४ ला सापडलेले ते सगळे भरीव, रथासकट साठ किलोंवर. इथं धातू वाचवायची केवढी कसरत, भिंत पातळ आणि सगळीकडं सारखी. एवढ्या गुंतागुंतीच्या आकारात ती सारखी ठेवणं, मला तर जादूच वाटली.

माझं मत विचारशील तर हा तुकडा सुसिनीचाच. पुरावा काही नाही, फक्त ते पोटाखालचं काम. कंपनीला पटणार नाही आणि मला विचारतंय कोण!

सुसिनीनं काही प्रतींवर चक्क स्वतःचं नाव कोरलंय, नमुना दुसऱ्याचा असूनसुद्धा. म्हणून आता तुला विचारतो. चौकाचौकातल्या तुझ्या पुतळ्यांखालच्या पाटीवर शिल्पकार असतो, उद्घाटन करणारा मंत्री असतो. ओतकाम करणाऱ्याचं नाव तू कुठं घालतोस का? आतल्या बाजूला तरी?

आतला फोटो सोबत पाठवतो. डाव्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ दिसतंय, ते खिळ्याचं भोक बुजवलेलं की ओततानाच राहिलेली पोकळी, ते मोठं करून बघ आणि कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वसंत