आधी उतार, मग नकाशा

दहिवडी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझी पाटणला बदली झाल्याचं कळलं. तिसरीच्या पोरांना आपला सातारा जिल्हा कसा शिकवू, असं विचारलंयस. माझं आपलं एकच सांगणं, नकाशा भिंतीवर टांगून सुरुवात करू नकोस. आधी पोरांना उतार दाखव.

आम्हाला महिमानगडची डोंगररांग आयतीच सापडलीय. पश्चिमेकडचं पाणी येरळेला, पूर्वेकडचं माणगंगेला. धारेवर उभं राहून पोरांना बाटलीतलं पाणी दोन्ही अंगांना ओतायला लावलं. येरळा जाते कृष्णेला, माणगंगा जाते पंढरपूरच्या बाजूला भीमेला, एवढं सांगितलं. तर एकीनं विचारलं, "मग ही दोन पाणी परत भेटतच नाहीत का, गुरुजी?" भेटतात, पार रायचूरजवळ! मग मात्र नकाशा उघडावाच लागला. बोटं नदीवरून सरकत थेट कर्नाटकात. जिल्ह्याची हद्द कधी ओलांडली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर, आमच्याकडे 500च्या आसपास, आणि जिल्हा एकच. ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात, हे पोरांना पटकन पटतं. 'पर्जन्यछाया' घोकण्याआधी त्यांनी टँकरची रांग पाहिलेली असते ना!

एखाद्या न बांधलेल्या विहिरीवरही ने (काठापासून लांब उभं कर, बाबा). वर मुरूम, खाली मांजऱ्या (मऊसर खडक), मग काळा पाषाण. मधे कुठे तांबडा पट्टा दिसला तर थांब. लाव्हाचे दोन थर पडले, त्यांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती. कुठल्या थराला पाणी लागतं, हे विहीर खोदणाऱ्यालाच सांगू दे. आपल्यापेक्षा तो बरा शिकवतो.

चाचणीत मात्र 'तालुके किती?' एवढंच विचारतात. अकरा. झालं!

तुझ्याकडे तर कोयना आहे. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपाचं पोरांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांग, धडा आपोआप उभा राहील. आणि असं करू, कृष्णा-कोयना दोघी महाबळेश्वरच्या, कराडला समोरासमोर येऊन भेटतात. दिवाळीनंतर तू तुझी पोरं घेऊन संगमावर ये, मी माझी आणतो. एसटीचं डेपोत आधी बोलावं लागेल, तारीख लवकर कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
माणदेशी मास्तर