अधिकारासकट काम दिलंत, मॅडम

आदरणीय मॅडम,

विभाग माझ्याकडे आल्यापासून तुमची आठवण ऐन कामाच्या भरात येते. फोनवर दोन शब्दांत आभार मानून मोकळं व्हावं असं हे नाही, म्हणून पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ज्यांच्या टेबलावर सगळ्या फाइली अडून राहतात, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

पुरवठादारांची बिलं तपासायचं काम तुम्ही मला दिलंत तेव्हा मी विभागात नवीन होते. "हे जरा बघ" म्हणून फाइल पुढे सरकवली नाहीत. समोर बसवून घेतलंत आणि काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं ते आधी सांगितलंत: महिनाअखेरीला एकही योग्य बिल मुदत उलटून पडून राहता कामा नये. खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल, तिन्हींचे आकडे जुळले की कुणाला न विचारता मी मंजुरी द्यायची. थोडा फरक असेल तर पुरवठादाराशी काय ठरवायचं ते तुम्हाला सुचवायचं आणि मग मीच बोलायचं. फरक मोठा असेल, किंवा बँक खातं बदलल्याचं पत्र आलं, तर मात्र पैसे थांबवून थेट तुमच्याकडे यायचं. बाकी कुठलं बिल आधी घ्यायचं, नोंदी कशा ठेवायच्या, यात तुम्ही कधी डोकावला नाहीत. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी पंधरा मिनिटं बसायचो, तेवढंच.

त्याच संध्याकाळी खरेदी आणि भांडार विभागांना तुमचा ई-मेल गेला. बिलांबद्दल यापुढे हिच्याशी बोला, हिचा निर्णय तो माझा निर्णय. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. तरीही लोक सवयीने तुमच्या केबिनमध्ये यायचेच. त्यांना हवं ते उत्तर तुम्हाला तोंडपाठ असायचं, पण तुम्ही प्रत्येकाला माझ्या टेबलाकडे पाठवलंत. काही दिवसांनी लोक आपणहून माझ्याकडे यायला लागले. काम खाली दिलं आणि सही वरच ठेवली, तर माणूस दर निर्णयासाठी परत दारात उभा राहतो. मग वेळ वाचतो तो कोणाचा?

विल्यम ऑंकन आणि डोनाल्ड वास यांचा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला १९७४ चा लेख मी बऱ्याच उशिरा वाचला. हाताखालचा माणूस अडचण घेऊन येतो, साहेब "बघतो, सांगतो" म्हणतात, आणि त्याच्या पाठीवरचं माकड साहेबांच्या पाठीवर जाऊन बसतं, असं ते लिहितात. वाचताना मला तुमची केबिनच दिसली. "मग तुझं काय म्हणणं आहे?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. माझ्याकडे उत्तर नसेल तर तुम्ही रागवत नव्हता, विचार करून दुपारी ये म्हणायचात. त्या लेखात पुढाकाराच्या पाच पायऱ्या आहेत: सांगेपर्यंत थांबणं, काय करू ते विचारणं, आधी सुचवून मग करणं, करून लगेच कळवणं, आणि स्वतःहून करून ठरल्या वेळी माहिती देणं. अवघड बिलांसाठी तुम्ही मला तिसऱ्या पायरीवर उभं केलंत, आणि विश्वास बसत गेला तसं पाचवीवर नेलंत.

सुरुवातीला मला समजावण्यात गेलेल्या वेळात ती बिलं तुम्ही स्वतःच हातावेगळी केली असती. "त्यापेक्षा मीच करून टाकते" असं म्हणणारे हुशार लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा हिशेब त्या दिवसापुरता असतो. आठवड्याला २ तास लागणारं काम वर्षाला १०४ तास खातं. ते शिकवण्यात १० तास गेले तरी पाच आठवड्यांत वसूल होतात.

आणि तुम्ही नुसतं कंटाळवाणं काम खाली ढकललं नाहीत, हे मला आवर्जून सांगायचंय. संचालकांपुढे आकडे मांडायची संधीही दिलीत. पगारवाढ, कुणाची कानउघाडणी, सहकाऱ्यांच्या तक्रारी हे मात्र तुम्ही कधीच दुसऱ्यावर टाकलं नाहीत. एका पुरवठादाराने पैसे अडवल्याबद्दल वरपर्यंत ओरड केली, तेव्हा बैठकीत माझ्याकडे बोट न दाखवता "निर्णय आमच्या विभागाचा आहे, उत्तर मी देते" म्हणालात. त्या एका वाक्यामुळे पुढचे कितीतरी निर्णय मी न घाबरता घेतले.

मोकळ्या झालेल्या वेळात तुम्ही काय केलंत, तेही मी जवळून पाहिलंय. आणखी फाइली ओढून घेतल्या नाहीत. आकडे मुळात जुळत का नाहीत याच्या मागे लागलात. ऑर्डरच्या फॉर्मवर माल डझनात आणि बिलावर नगात, अशा गोष्टी हुडकून काढल्यात, खरेदी विभागाबरोबर बसून तो फॉर्मच बदलून घेतलात. फरकाची बिलं निम्म्याहून कमी झाली. रोजच्या मंजुऱ्यांत अडकलेल्या माणसाला हे कधी सुचलं असतं, आणि सुचलं तरी जमलं कधी असतं? शिवाय तुम्ही वेळेवर घरी जाऊ लागलात, त्याचाही मला आनंद व्हायचा.

मॅडम, तुमचे मनापासून आभार. बिलांचं काम आता मी एका नव्या सहकाऱ्याकडे सोपवलंय, दोन्ही विभागांना तसा ई-मेलही गेलाय. त्यातून मिळालेल्या वेळात पुरवठादारांचे जुने करार वाचायला घेतलेत. दंडाच्या आणि परत करायच्या मालाच्या कलमांबद्दल तुमच्याशी बोलायचंय. माझं म्हणणं लिहून काढतेय, सवड असेल तेव्हा कळवा.

तुमची,
एकेकाळी तुमच्या हाताखाली काम केलेली सहकारी