पिक्चर संपू तरी द्या!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला सिनेमाची परीक्षणं येतात ती मी न चुकता वाचते, पण खरं सांगू का, आधी खाली किती स्टार दिलेत ते बघते आणि मग वर जाते. आणि वर काय असतं, तर अर्ध्याहून जास्त जागेत स्टोरी. म्हणजे हिरो कोण, त्याचा प्रॉब्लेम काय, मग इंटरव्हलपर्यंत काय होतं, सगळं सांगून झाल्यावर "पुढे काय होतं ते पडद्यावरच बघा". अहो मग उरलं काय बघायला? तर मी म्हटलं आपणच एक पत्र लिहावं, गेल्या दीड-दोन महिन्यांत आमच्या घरी जे पिक्चर बघून झाले त्याबद्दल, परीक्षण वगैरे नाही, नुसतं आपलं मत. आणि एक तक्रार पण आहे, ती ओघात येईलच.

आमच्याकडे बघणारे चौघं, मी, हे, मुलगा आणि सासूबाई. रिमोट ह्यांच्या हातात, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

सुरुवात 'कोर्ट'ने झाली. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, नॅशनल अवॉर्डमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला, इतकी वर्षं बघू बघू म्हणत राहूनच गेला होता. एका लोकशाहीरावर केस असते, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. आरोपच एवढा अचाट की हसावं की रडावं कळत नाही आणि पिक्चरभर तेच होत राहतं. कॅमेरा एका जागी ठेवलाय तो ठेवलाय, हलत नाही, झूम नाही, मागे म्युझिक नाही, कोर्टात लोक येतात जातात फायली सरकतात पुढची तारीख मिळते. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, सासूबाई म्हणाल्या, "अगं नेट गेलं वाटतं, चित्र अडकलंय." आम्ही सगळे हसलो पण मला पण त्याआधी एकदा तसंच वाटलं होतं, मी आपली गप्प बसले होते. मग हळूहळू सवय होते आणि तुम्ही स्वतःच फ्रेममध्ये शोधायला लागता, मागच्या बाकावरचा माणूस काय करतोय, टायपिस्ट कुठे बघतोय. मला सगळ्यात आवडली ती गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील. कोर्टात ती त्या माणसाला आत टाकायला निघालेली आणि तिथून निघाली की ट्रेनने घरी, मग घरच्यांचं जेवण, सुट्टीच्या दिवशी फॅमिलीबरोबर नाटक. तिचा राग येत नाही हो, तीच तर पंचाईत. आपल्यातलीच वाटते.

तर शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो, खोली पूर्ण काळी. आणि काळीच राहते. आमचे हे म्हणाले "संपला" आणि टीव्ही बंद. आम्ही पण उठलो, मुलगा म्हणाला भारी होता, मी म्हटलं हो शेवट एकदम सूचक. चार दिवसांनी भाचीचा फोन, बोलता बोलता ती म्हणाली, "मामी, शेवटी तो जज पोराला थोबाडीत मारतो ते बघून मी हादरलेच." मी म्हटलं कुठला जज, कुठली थोबाडीत? मग कळलं की तो काळोख म्हणजे शेवट नव्हताच! पुढे जजसाहेब पिकनिकला जातात, बाकावर डुलकी काढतात, मुलं जोरात ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला एक ठेवून देतात आणि परत डोळे मिटतात. बास. आम्ही परत लावून तेवढं बघितलं आणि तेव्हा समजलं की एवढा वेळ कोर्टात जे चाललं होतं ते सगळं त्या एका थपडेत आणून ठेवलंय. म्हणजे आम्ही चार दिवस एका वेगळ्याच पिक्चरची तारीफ करत होतो.

तिथपासून मला शेवटाचं वेडच लागलं म्हणा ना.

मग त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' (२०२०) लावला, त्याला व्हेनिसला पटकथेचं बक्षीस आहे. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद, रात्री मोटारसायकलवरून हळू हळू जातोय आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, जुनी रेकॉर्डिंग्ज, की साधना कशी करावी, मन कसं शुद्ध ठेवावं. मोटारसायकल अगदी स्लो मोशनमध्ये, रस्ता रिकामा, आणि तो आवाज. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे हे मला नंतर कळलं, परत जाऊन ऐकला. ह्यांना पिक्चर लांबला असं वाटलं, मला नाही वाटला, उलट शरद किती वर्षं फुकट घालवतोय ते अंगावर यायला तेवढा वेळ लागतोच. शेवटी तो बायको-मुलीबरोबर ट्रेनमध्ये बसलाय आणि डब्यात एक माणूस गात गात येतो, शरद बघतो, संपलं. ह्यावर आमच्याकडे पाऊण तास वाद. हे म्हणतात तो हरला. मुलगा म्हणतो सुटला. मी म्हणते दोन्ही, आणि पोटात कुठेतरी हेवा पण वाटला असेल त्याला, की हा बघा कसलाही हिशोब न करता गातोय. आता मला सांगा, हा पाऊण तास कुठल्या परीक्षणात मिळणार होता? साडेतीन स्टारमध्ये तर नक्कीच नाही.

'वाळवी' बघितला परेश मोकाशींचा, तो मात्र फोन बाजूला ठेवायला लावणारा, चटचट पळतो, खून करायला निघालेल्यांची अशी काही फजिती की सासूबाईसुद्धा "अगं बाई" "अगं बाई" करत पुढे सरकून बसल्या. त्याच्याबद्दल मी एक अक्षर जास्त सांगणार नाही, फक्त एवढंच की नाव वाळवी का आहे त्याचा विचार बघताना नाही करायचा, बघून झाल्यावर करायचा. 'लापता लेडीज' पण सगळ्यांना आवडला, घुंगटामुळे ट्रेनमधून भलतीच नवरी उतरवली जाते, गोष्ट गोड आहे, मला थोडी जास्तच गोड वाटली म्हणजे शेवटी सगळ्यांचं सगळं जुळून येतं. पण रवी किशनचा तो पान चघळणारा इन्स्पेक्टर! त्याने काय मजा आणलीये. आणि आपली छाया कदम. बोलते कमी पण ती आली की बाकीचे जरा सरळ होऊन बसतात असं वाटतं.

जुन्यातला 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मुलाने लावला. १९५७ चा, ब्लॅक अँड व्हाइट, ९६ मिनिटं आणि जवळजवळ सगळा एका खोलीत, जिथे बारा ज्युरर, म्हणजे निकाल द्यायला बसवलेली साधी माणसं, एका खुनाच्या केसवर वाद घालतायत. ह्यांनी त्याचाच हिंदी अवतार 'एक रुका हुआ फैसला' बघितलेला त्यामुळे "मला माहितीये सगळं" म्हणत बसले आणि हललेच नाहीत जागचे. मुलगा सिनेमाचं बरंच वाचत असतो, तो म्हणाला की दिग्दर्शक सिडनी लुमेटने कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवलाय, मग डोळ्यांच्या पातळीला आणि शेवटच्या भागात खाली, आणि लेन्स पण बदलत नेल्या, त्यामुळे खोली लहान लहान होत गेल्यासारखी वाटते, शेवटी छत पण दिसायला लागतं. मी म्हटलं म्हणून मला गुदमरल्यासारखं होत होतं होय, मला वाटलं उकडतंय. पण मला जे राहून गेलंय लक्षात ते वेगळंच, सगळं संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर तो म्हातारा ज्युरर हिरोला, म्हणजे हेन्री फोंडाला, थांबवून नाव विचारतो. तोवर कोणाचंच नाव आपल्याला माहीत नसतं! दोघं नावं सांगतात, हात मिळवतात आणि आपापल्या वाटेने जातात. तेवढंच. काढून टाकलं असतं तर गोष्टीत काही फरक पडला नसता, पण मग तो पिक्चर नुसती केस राहिला असता.

आता तक्रारीकडे येते. (ज्यांनी 'सैराट' अजून बघितला नसेल, असं कोणी असेल असं वाटत नाही, पण असलंच तर हा भाग सोडून खाली जावं.)

'सैराट' आम्ही २०१६ मध्ये थिएटरला बघितला होता, आता मुलगा मोठा झाला म्हणून परत लावला एका ॲपवर. पहिला अर्धा भाग गाण्यांचा धिंगाणा, अजय-अतुलने ऑर्केस्ट्रा पार हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलेला, घर नुसतं दणाणत होतं. आणि शेवटी एकदम आवाज बंद. ते लहान पोर दारातून आत बघतं, रडतं, पण त्याचं रडणं ऐकू येत नाही, मग वळून चालायला लागतं आणि फरशीवर लाल पावलं. थिएटरमध्ये तेव्हा कोणी उठलं नव्हतं मला आठवतंय, दिवे लागले तरी लोक तसेच बसून. आणि आता घरी काय झालं, पडदा काळा झाला न झाला तोच पिक्चर आकसून कोपऱ्यात गेला पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि बाकी पडद्यावर कुठल्यातरी कॉमेडीचा ट्रेलर, माणसं नाचतायत, जोरजोरात हसतायत, खाली आकडे उलटे पळतायत, पाच, चार, तीन. हे रिमोट शोधतायत, तो उशीखाली. सासूबाई डोळे पुसत होत्या त्यांना कळेचना हे नाचणारे कोण. मुलगा काहीतरी बोलणार होता तो बोललाच नाही. मला इतका संताप आला ना. अरे दोन मिनिटं थांबा की. नागराज मंजुळेंनी मुद्दाम सगळा आवाज काढून टाकला तिथे, आणि तुम्ही त्यात ढोल वाजवताय.

बरं हे एकदाच नाही. 'परफेक्ट डेज' बघितला, विम वेंडर्सचा, टोकियोत सार्वजनिक शौचालयं साफ करणाऱ्या माणसाचा, त्यात काही म्हणजे काही घडत नाही, तो उठतो, झाडांना पाणी घालतो, गाडीत कॅसेट लावतो, काम करतो, पुस्तक वाचत झोपतो आणि परत उठतो. ते काम करणाऱ्या कोजी याकुशोला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्टर मिळालं त्यासाठी. शेवटी गाडी चालवताना त्याचा नुसता चेहरा, कितीतरी वेळ, हसतोय का रडतोय सांगता येत नाही. तिथे पण ॲपने घाई केलीच. आणि नंतर मुलाने वाचलं की नावं संपल्यावर अगदी शेवटी पडद्यावर एका जपानी शब्दाचा अर्थ येतो, कोमोरेबी, म्हणजे वाऱ्याने पानं हलतात तेव्हा त्यातून झिरपणारा ऊन-सावलीचा खेळ. तो माणूस पिक्चरभर रोज दुपारी झाडाखाली बसून वर बघतो, फोटो काढतो, ते काय होतं त्याची किल्लीच तिथे, आणि आम्हाला त्याआधीच दुसऱ्या पिक्चरमध्ये ढकललेलं.

शेवटाला किती किंमत असते ते सेन्सॉरला बरोबर कळतं बघा. 'शोले'त ठाकूर गब्बरला मारून टाकतो असा शेवट शूट केलेला, तो १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात बदलायला लावला, मग पोलीस येऊन गब्बरला घेऊन जातात तो आपण सगळ्यांनी बघितला. पन्नास वर्षांनी मूळ शेवटासकट तो परत नीट करून दाखवला २०२५ मध्ये. म्हणजे ज्यांना भीती वाटली त्यांनी बाकी तीन तासांतली बरीचशी मारामारी राहू दिली आणि शेवटावर बोट ठेवलं. आणि आपण तोच फॉरवर्ड करतो.

तर संपादक साहेब, ॲपवाले माझं ऐकणार नाहीत, तुम्ही ऐकाल म्हणून तुम्हाला लिहितेय. परीक्षणात शेवट सांगता येत नाही हे मान्य आहे, नवीन पिक्चरचा सांगूच नये. पण पिक्चर येऊन दोन-तीन महिने झाले की एक छोटा कॉलम काढा ना, वर मोठ्या अक्षरात लिहा की बघितला नसेल तर वाचू नका, आणि मग बिनधास्त शेवटाबद्दलच बोला. वाचकांना लिहू द्या. शरद हरला की सुटला ह्यावर मला आमच्या ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाशी तरी भांडायचंय. स्टार नका देऊ त्यात. आणि स्टोरी तर अजिबात नको, ती तुम्ही आधीच सांगून टाकलेली असते.

मुलाने आता सेटिंगमध्ये जाऊन ते आपोआप पुढचं लागणं बंद केलंय, कुठेतरी आत दडवून ठेवलेलं असतं, त्याला पण शोधायला वेळ लागला. रिमोट अजून ह्यांच्याकडेच आहे. पण आता पडदा काळा झाला आणि ह्यांचा हात बटणाकडे गेला की सासूबाई ओरडतात, "थांब रे, जज यायचाय अजून!"

आपली,
एक नियमित वाचक