घर तुझे, हप्ता माझा

पुणे, रविवार

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर गेले नाही, कारण जे लिहायचे होते ते ठरलेलेच नव्हते. आता ठरले आहे. आम्ही परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज करणार आहोत. तू सुस्कारा टाकशील. तो टाकून झाला की पुढचे वाच, कारण मला सांत्वन नको आहे, तुझे हिशेबी डोके हवे आहे. माझी शुगर आटोक्यात आहे आणि आईचे गुडघे होते तसेच आहेत.

अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पण वेगळे म्हणजे नवराबायकोसारखे न राहणे, छप्पर एक असले तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच म्हटले आहे, हे मला वकीलबाईंकडून कळले. त्या हिशेबाने आम्ही कधीच पात्र झालो आहोत. प्राध्यापक मागच्या खोलीत, मी पुढच्या. चहा मात्र अजून एकाच पातेल्यात होतो, आणि तो कायद्याला चालतो का, हे विचारायचे मी टाळले. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावे लागते; 2017 च्या निकालापासून योग्य प्रकरणात न्यायालय ती मुदत माफ करू शकते. आम्हाला घाई नाही. घाई नसण्याचे कारण घर आहे.

प्राध्यापकांचा प्रस्ताव असा : घर तुझे, हप्ता माझा. ऐकायला इतका उदार, की आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र बँकेत जाऊन आले. कर्ज दोघांच्या नावावर आहे, म्हणजे बँकेच्या लेखी आम्ही दोघेही संपूर्ण रकमेला बांधील आहोत, आणि न्यायालयात द्यायच्या संमतीच्या अटींत हप्ता कोणी भरायचा हे कितीही स्वच्छ लिहिले, तरी बँक त्यात पक्षकार नसल्याने तिच्यावर ते बंधन येत नाही. उद्या ते आजारी पडले किंवा त्यांनी दुसरे लग्न केले (हसू नकोस, हल्ली केस काळे करायची लहर आली आहे) आणि हप्ते थकले, तर नोटीस माझ्या दाराला चिकटेल आणि माझेही सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडेल. मग अटी पाळायला लावण्यासाठी मीच पुन्हा न्यायालयात जायचे. ज्या माणसापासून मोकळे व्हायचे, त्याच्या हप्त्याची दर महिन्याला वाट पाहत बसायचे, हा कसला घटस्फोट? कर्ज एकट्या माझ्या नावावर करून द्या म्हटले, तर तिथल्या अधिकाऱ्याने माझा पगार पाहिला, निवृत्तीची तारीख पाहिली आणि मग पंख्याकडे पाहिले.

दुसरी गाठ त्यांचा वाटा माझ्या नावावर करून द्यायच्या बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात राहते घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, बाकीची शुल्के वेगळी. ही सवलत पत्नीला आहे, पूर्वपत्नीला नाही. म्हणून बँकेचे ना हरकत पत्र मिळवून ते घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधीच नोंदवायला हवे. पण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणजे त्यांनी आधी अर्धे घर देऊन टाकायचे आणि मी आपला शब्द पाळीन यावर विसंबायचे. "मी त्यांची वकील असते तर सही करू दिली नसती," असे वकीलबाई स्वतःच म्हणाल्या.

याच शोधाशोधीत कपाटातून सराफाकडे माझ्या बांगड्या मोडल्याची ती पावती निघाली. तुला आठवते ना, तिच्यावरून आपण भर लक्ष्मी रस्त्यावर भांडलो होतो? पावती कशाला, आपलेच घर, असे माझे म्हणणे होते आणि तू मुनिमासारखी काउंटरवर हटून बसली होतीस. त्या बांगड्यांच्या पैशातून घराची सुरुवातीची रक्कम गेली, हे आज मला त्याच कागदावरून आणि जुन्या पासबुकावरून दाखवता येते. आपल्याकडे नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. नाव कोणाचे आणि पैसा कोणाच्या खात्यातून गेला, हेच पाहिले जाते. स्त्रीधन मात्र सर्वस्वी तिचे.

तर माझा कल विकण्याकडे आहे. कर्ज बदलत्या व्याजदराचे असल्याने मुदतीआधी फेडले तरी दंड लागत नाही. आधी ते फेडायचे, मग बांगड्यांचे पैसे वेगळे काढायचे, लेकीच्या शेवटच्या वर्षाची फी बाजूला ठेवायची आणि उरलेले निम्मे निम्मे. ज्याने त्याने आपापल्या नफ्यावरचा कर भरावा. आई म्हणते, बाईने छप्पर सोडू नये. तू नाशिकचा फ्लॅट विकलास तेव्हा मीही तुला हेच ऐकवले होते आणि तू महिनाभर अबोला धरलास. पण तो तू फार लवकर विकलास, हे माझे मत आजही कायम आहे.

बाकीची तयारी त्या मानाने सोपी आहे. पगाराचे खाते वेगळे केले. लॉकर दोघांचा आहे, तो दोघांनी मिळून उघडून यादी केली आणि खाली दोघांनी सही केली. मेडिक्लेम त्यांच्या नोकरीतून मिळतो, तो हुकूमनाम्यानंतर मला राहणार नाही, आणि नवी पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. म्हणून माझी पॉलिसी आताच काढली. सगळीकडे नॉमिनी म्हणून लेकीचे नाव घालायचे आहे, त्याचे अर्ज आणून ठेवले आहेत.

तुझ्या सुनेचे दिवस भरत आले असतील, आणि तू डिंकाचे लाडू करून सगळ्यांना सतावत असशील. वरच्या मजल्याचे भाडेकरू गेले का? सविस्तर कळव.

अटींचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यातले घराचे कलम नीट वाच आणि एवढेच सांग : बांगड्यांची किंमत पावतीवरची धरायची, की आजच्या सोन्याच्या भावाने? प्राध्यापक पावतीवरची म्हणतात, वकीलबाई आजची म्हणतात, आणि मी अजून कोणालाच काही बोललेले नाही.

तुझी,
वसू